एमआरआयमध्ये एल४-एल५ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) चकती सरकलेली दिसली, म्हणजे ऑपरेशन करावंच लागेल का?

बहुतेकदा नाही. रिपोर्टमधल्या 'डिस्क बल्ज'ला, म्हणजे चकतीच्या फुगवट्याला, घाबरू नका, कंबर कधीच न दुखलेल्यांच्या एमआरआयमध्येही तो सापडतो. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत जाणारी कळ, म्हणजे सायटिका, बहुतेकांची ६ ते १२ आठवड्यांत औषधं-व्यायामाने उतरते. (महिनाभर फळीवर पडून राहिलात तर उलट स्नायू कमजोर होतील.)

मात्र लघवी अडली किंवा सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, न्यूरोसर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. उशिराने नसा कायमच्या अधू होऊ शकतात. चालताना चप्पल नकळत निसटत असेल, पाऊल वर उचलत नसेल, तरी लवकर दाखवा. ऑपरेशन लागलंच, तर मायक्रोडिसेक्टॉमी या चकतीच्या ऑपरेशनमध्ये अख्खी चकती नाही, नसेवर दाबणारा तुकडाच काढतात.