माल्टाच्या चार दिवसांत शेजारचं गोझो बेट एका दिवसात उरकेल का?

उरकेल. सकाळच्या फेरीबोटीने येऊन संध्याकाळी परतणारे रोज शेकड्यांनी असतात. पण गोझो माझं सासर आहे, त्यामुळे सांगते ते थोडं पक्षपाती वाटेल: दोन रात्री इथे काढा आणि माल्टातला एक दिवस कमी करा. एकदा दिवसापुरते आलेले लोक बोटीत बसले की हे 67 चौरस किलोमीटरचं बेट आमचं आम्हाला परत मिळतं.

माल्टाच्या उत्तर टोकाच्या चिरकेव्वा बंदरातून मोटारी वाहणारी मोठी फेरीबोट 25 मिनिटांत पोहोचवते. तिचे पैसे येताना नव्हे, परतताना घेतात. म्हणजे गोझोत यायला फुकट, सुटायला तिकीट! माल्टाच्या राजधानीतून, व्हॅलेटाहून थेट जलद बोटही आहे, तिला ही सवलत नाही.

गोझोच्या पश्चिम किनाऱ्यावर द्वेरा इथे समुद्रात उभी असलेली ती प्रसिद्ध खडकाची कमान, ‘अझुर विंडो’ म्हणजे निळी ‘खिडकी’, आता नाही. 8 मार्च 2017 ला वादळात कोसळली, तरी तिचे फोटो अजून जाहिरातींत फिरतात. तरी द्वेरा चुकवू नका. तिथे आतल्या तळ्यातून छोटी होडी कड्यातल्या बोगद्याने खुल्या समुद्रात नेते. लाटा असतील तर होड्या बंद, मग हट्ट नको.

जगंतियाची दगडी मंदिरं इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी. पाठीशी मूल घेऊन, जाड पावट्यासारखे दाणे आणि मध खाऊन एका राक्षसिणीने ती रचली, असं इथल्या म्हाताऱ्या सांगतात. ते दगड पाहिल्यावर मला तरी दुसरं कारण सुचत नाही.

मला सगळ्यात आवडतात ती श्वेनीची मिठागरं. माझं माहेर उरणचं. तिथली मिठागरं चिखलमातीची, इथली थेट खडकात कोरलेली. उन्हाळ्यात मीठ गोळा करणारी घरची माणसं दिसतात. त्यांच्याकडूनच पिशवी घ्या. आणि हो, त्या चौकोनांत पाय टाकू नका, तिथे कुणाचं तरी खाण्याचं मीठ तयार होतंय.

शाकाहारी असाल तर पास्तित्सी खा: रिकोटा किंवा वाटाण्याचं सारण. पक्के शाकाहारी असाल तर आवरणात चरबी आहे का, एवढं विचारून घ्या. इथली माल्टीज भाषा अरबीच्या घरची, लिपी रोमन. जगाला ‘दिन्या’ म्हणतात, आपली दुनियाच ती.

जुलै-ऑगस्ट टाळा. ऊन भाजून काढतं. ऑक्टोबर उत्तम, कारण गोझोच्या मुख्य गावात, व्हिक्टोरियात, तेव्हा ऑपेरा होतात. साधारण 40 हजार वस्तीच्या बेटावर, एकाच रस्त्यावर दोन ऑपेरागृहं, आस्त्रा आणि अरोरा. दोन्ही एकेका बँड क्लबची, म्हणजे गावातल्या वाद्यवृंद मंडळाची, आणि या मंडळांची जुनी चुरस. माझे सासरे एका बाजूचे, नणंदेचं सासर दुसऱ्या बाजूचं. तिकीट खुशाल कुठलंही काढा, फक्त आमच्या घरी जेवायला आलात तर ते खिशातच ठेवा.