पुरा, मंडी, वाडी आणि एन : संभाजीनगरात पहिल्यांदा येणाऱ्यासाठी

प्रश्न असा आहे : "मी कोल्हापूरचा. बायको आणि आईला घेऊन रविवार ते मंगळवार छत्रपती संभाजीनगरला येतोय. अजिंठा-वेरूळ करणारच, पण शहरात बघण्यासारखं काही आहे की नुसता मुक्काम करायचा? राहायचं कोणत्या भागात? नकाशात एन-४, एन-११, कुठलेकुठले पुरे दिसतात, डोकं चालेना."

डोकं चालेना हे बरोबरच आहे. इथे जन्म काढलेल्यांचंही कधीकधी चालत नाही. माझा जन्म राजाबाजारातला, म्हणजे ग्रामदैवत संस्थान गणपतीच्या हाकेच्या अंतरावर. मी सहावीत असताना वडिलांनी सिडकोत एन-७ला घर घेतलं तेव्हा आजी म्हणाली, "एवढ्या रानात कशाला जाऊ लाले?" आज त्या रानात गाडी लावायला जागा मिळत नाही. म्हणून दोन्हीकडचं सांगू शकतो.

आधी नावाचं बघू, कारण स्टेशनवर उतरल्या उतरल्या तोच घोळ होतो. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, त्याने १६१० साली खडकी म्हणून हे गाव वसवलं. त्याच्या मुलाच्या, फतेहखानाच्या नावावरून ते फतेहनगर झालं, १६५३ साली औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन परत आला तेव्हा औरंगाबाद आणि २०२३ साली सरकारी कागदावर छत्रपती संभाजीनगर. माझी बीडकडची मावशी मात्र मला कळतंय तेव्हापासून संभाजीनगरच म्हणते, आणि माझा शाळेतला दोस्त अजून औरंगाबाद म्हणतो. दोघांपुढे मी निमूट चहा पितो. रिक्षावाल्याला कुठलंही नाव सांगा, तो फक्त विचारेल, "कुठं सोडू?" खरी अडचण तिथून पुढे आहे.

माझी युक्ती एकच : भागाच्या नावाचं शेपूट बघायचं. 'पुरा' आलं की समजा मुघल सैन्याच्या सरदारांचा तळ. औरंगजेबाबरोबर दख्खनेत आलेल्या राजपूत आणि बुंदेल्या सरदारांनी तटाबाहेर आपापल्या वस्त्या केल्या, आणि सरदार गेले तरी नावं राहिली. जयसिंगपुरा, पदमपुरा, पहाडसिंगपुरा ही त्यातलीच. बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा तो कर्णपुरा, आणि तिथल्या तुळजाभवानीच्या यात्रेला नवरात्रात अख्खा जिल्हा लोटतो. राजस्थानातला राजा, मुघलांची चाकरी, मराठवाड्याची देवी. हे असलं मिश्रण तुम्हाला इथे पावलोपावली दिसेल आणि त्याचं कुणाला विशेष वाटत नाही, हे विशेष.

'गेट', 'मंडी', 'गंज', 'चौक' आलं की तुम्ही जुन्या शहरात आहात. गुलमंडी म्हणजे फुलांचा बाजार. आता तिथे फुलं कमी आणि साड्या, चपला, भांडी जास्त. शहागंजला घड्याळाचा मनोरा, पलीकडे सराफा आणि सिटी चौक. 'मोंढा' हा शब्द तुमच्याकडे नसेल. आम्ही मराठवाड्यातले लोक धान्याच्या घाऊक पेठेला मोंढा म्हणतो, आणि गावोगावी तो असतोच. इथला जुना मोंढा जाफर गेटच्या बाजूला. तिथे रविवारी आठवडी बाजार भरतो, तेव्हा रविवारी त्या अंगाने रिक्षा घालू नका, तासभर हलणार नाही.

'बावन्न दरवाजांचं शहर' असं सगळे सांगतात. बावन्न मोजायला जाऊ नका, आज थोडेच उभे आहेत. भडकल गेट मलिक अंबरच्या काळातलं, आणि त्याच्या शेजारीच बाबासाहेबांचा पुतळा. १४ एप्रिलला तिथे मुंगीला वाट नसते. दिल्ली गेट दांडगं आणि मोकळं आहे, फोटो काढायला तेच बरं. लहानपणी मक्का गेटाच्या कमानीतून बेगमपुऱ्यात जाताना रिक्षा, हातगाडी, सायकल आणि एखादी म्हैस असे सगळे एकमेकांना आधी जाऊ द्यायला तयार नसायचे. आजोबा म्हणायचे, दरवाजे शत्रूला अडवायला बांधले होते, आता गिऱ्हाइकाला अडवतात.

'वाडी' किंवा 'ठाणा' आलं की शहराने गिळलेलं खेडं समजा : मुकुंदवाडी, चिकलठाणा. तिथे मुख्य रस्त्यावर शोरूम असतात आणि दोन गल्ल्या आत गेलात की मारुतीचा पार, कडब्याची गंजी आणि वाड्याची पडकी भिंत. विमानतळही चिकलठाण्यातच.

आणि आता एन. सिडकोने सत्तरच्या दशकापासून जे नवं शहर आखलं त्याचे सेक्टर म्हणजे एन-१, एन-२ वगैरे. तुम्हाला वाटेल, आकडे आहेत म्हणजे ओळीने असतील. तसं नाही. मध्ये जालना रोड आहे हे धरून चाला. एन-२, एन-३, एन-४ रस्त्याच्या दक्षिणेला, तर एन-५, एन-६, एन-७ उत्तरेला, आणि पुढचे आकडे टीव्ही सेंटर, हडको, हर्सूलच्या दिशेने वर सरकतात. एन-४ आणि एन-५ शेजारी असतील म्हणून माझे एक साडूभाऊ आईला घेऊन भर दुपारी पायी निघाले आणि जालना रोडचा दुभाजक बघून परत आले. पत्ता विचारताना नुसतं एन सांगू नका, जवळचा चौक किंवा मंदिर सांगा. कॅनॉट म्हटलं तर सगळ्यांना कळतं. ते एन-५चं बाजारकेंद्र, संध्याकाळी कॉलेजच्या पोरांनी भरलेलं.

जालना रोड हा या शहराचा कणा. क्रांती चौकापासून मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल, मुकुंदवाडी आणि पुढे विमानतळ, सगळं या एका रेघेवर. उच्च न्यायालयाचं खंडपीठ १९८१ साली आलं, तेही याच रस्त्यावर. क्रांती चौकात शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा दिसेल. १८५७च्या बंडातल्या शिपायांना इंग्रजांनी जिथे मारलं तो काळा चबुतराही इथलाच, पण तिकडे मान वळवून बघणारा विरळा.

पश्चिमेला वाळूज. ऐंशीच्या दशकात तिथे बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या मागून शेकडो लहानमोठे वर्कशॉप. बीड, जालना, परभणीकडची पोरं आयटीआय करून तिकडे लागली, बजाजनगर उभं राहिलं. पाहुण्याला तिथे बघायला काही नाही. वाटेवरच्या छोट्या पंढरपुरात आषाढीला मात्र हे सगळे कामगार पायी येतात. २०११च्या जनगणनेत शहर पावणेबारा लाखांचं होतं. त्यानंतर बीड बायपास, सातारा, देवळाई, पडेगाव या बाजूंना जे वाढलंय ते बघता तो आकडा आता जुनाट वाटतो.

राहायचं कुठे? आई सोबत आहेत, तर मी समर्थनगर-निराला बाजार या पट्ट्यात राहा म्हणेन. मध्यवर्ती बसस्थानक जवळ, जेवायला बरं मिळतं, औरंगपुरा-गुलमंडी चालत. स्टेशन रोडला स्वस्त पडेल. जालना रोडवर हॉटेलं चकचकीत आहेत, पण जुन्या शहरात यायचं तर दर वेळी रिक्षा. एक गोष्ट खोली घेतानाच विचारा : पाणी चोवीस तास आहे ना? हसू नका. आमच्या घरी नळाला पाणी रोज येत नाही. कितव्या दिवशी येईल हे कॅलेंडरवर गोल करून ठेवतो. त्या दिवशी आईला फोन केला की ती फक्त "आज पाणी आहे, मग बोलू" म्हणते आणि ठेवते. हौद, गच्चीवरची टाकी, निळे ड्रम, शेवटी कळशा, असा क्रम ठरलेला. जायकवाडीचं एवढं मोठं धरण पन्नासेक किलोमीटरवर पैठणला, आणि आम्ही ड्रम भरतोय.

म्हणूनच मी पाहुण्यांना पाणचक्कीला नेतो. मलिक अंबरने सतराव्या शतकात उत्तरेच्या डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं होतं. पाणचक्की त्यानंतरची, बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळची. खापरी नळातून आलेलं पाणी उंच भिंतीवर चढतं आणि तिथून हौदात कोसळतं, त्याच जोरावर खाली जातं फिरायचं आणि यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जायचं. ना इंजिन, ना वीज. आवारात मोठा वड आहे, त्याच्या पाराशी आईंना बसवा. आणि तुम्ही हौदाकाठी उभे राहाल तेव्हा लक्षात ठेवा, तुमच्यासमोरच्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे. एवढं पाणी डोक्यावर घेऊन ते दालन उभं आहे. आमच्या गच्चीवरची टाकी मात्र दर पावसाळ्यात झिरपते.

बीबी का मकबरा तिथून जवळ. औरंगजेबाची बायको दिलरस बानू, तिची ही कबर, १६६०च्या सुमाराची. 'गरिबांचा ताज' म्हणत आत गेलात तर निराशच व्हाल, म्हणून ते वाक्य फाटकाबाहेर ठेवा. जवळ जाऊन भिंत बघा : साधारण माणूसभर उंचीपर्यंत संगमरवर, त्याच्या वर दगडावर चुन्याचा गिलावा, आणि घुमटाला पुन्हा संगमरवर. गिलाव्यावरची वेलबुट्टी इतकी नाजूक आहे की संगमरवर कमी पडला म्हणून हळहळायचं कारण नाही. कबर खाली आहे; वरच्या जाळीच्या कठड्यावरून वाकून बघावी लागते. दुपारी जाऊ नका, फरशी तापते. कलत्या उन्हात जा.

त्याच्या मागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत, आणि तिथे फारसं कुणी फिरकत नाही याचं मला दरवेळी नवल वाटतं. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेली माणसं कोरली आहेत, खऱ्या माणसांएवढी, हात जोडलेली, एकेकाचं केस बांधणं वेगळं. सातव्या लेण्यात नाचणारी स्त्री आणि भोवती वाद्यं घेऊन बसलेल्या बायका. पायऱ्या बऱ्याच आहेत, आईंना झेपेल का बघा. नाहीतर त्या खाली थांबतील आणि तुम्ही दोघं जाऊन या.

परतताना विद्यापीठावरून या. १९५८चं हे विद्यापीठ. १४ जानेवारी १९९४ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव त्याला मिळालं, त्याआधी सोळा वर्षं मराठवाडा त्या प्रश्नावर पेटत होता. दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटपुढे गर्दी होते, लोक गेटला फुलं वाहतात. शेजारी नागसेनवन, बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय. इथून शिकून गेलेली माणसं गावोगावी पहिली पदवीधर होती, माझे वडील त्यातलेच एक.

खाण्याचं थोडक्यात. मांसाहार करत असाल तर नान-खलिया चुकवू नका. नान वरून पिवळा, तुकतुकीत, आत पावाहून मऊ. खलिया म्हणजे तर्रीवालं मटण. तुमच्या तांबड्या रश्श्याशी तुलना कराल, करा, पण मसाल्याचा स्वभाव वेगळा आहे. तिखटाने अंगावर येत नाही, हळूहळू चढतो. हॉटेलात नको, जुन्या शहरातल्या भट्टीवर नान घ्या. भट्टीवाला आधी विचारेल "कित्ते?", आणि तुम्ही दोन म्हणालात तर तुमच्याकडे दयेने बघेल. आई शाकाहारी असतील तर त्यांच्यासाठी ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा कुठेही मिळेल. दौलताबादच्या रस्त्यावर हंगामात सीताफळं मिळतात, दिवाळीच्या आसपास आलात तर टोपलीच घ्या.

बेत असा करा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. रविवार ते मंगळवार म्हणजे तुमच्याकडे एकच रस्ता उरतो. रविवारी शहर : सकाळी औरंगाबाद लेणी, दुपारी जेवून झोप, चारनंतर पाणचक्की आणि मकबरा, रात्री गुलमंडी. सोमवारी वेरूळ, जाताना वाटेत दौलताबाद, पण आई असतील तर किल्ला पायथ्याशीच बघा, अंधारीचा बोगदा गुडघ्यांना मानवत नाही. कैलास लेणं, घृष्णेश्वर आणि वेळ राहिला तर खुलताबादचा भद्रा मारुती. मलिक अंबरची कबरही खुलताबादलाच आहे, कुणी मुद्दाम दाखवत नाही, विचारावी लागते. मंगळवारी अजिंठा, शंभरेक किलोमीटर, सिल्लोडवरून. पहाटेच निघा. फर्दापूरला गाडी लावून पुढे लेण्यांपर्यंत बसने जावं लागतं, त्या रांगेचा वेळ धरा.

हिमरूची शाल घ्यायची असेल तर सोमवारी संध्याकाळी घ्या, मंगळवारी परत यायला उशीर होतो. कापूस-रेशमाचं हे विणकाम आता हातमागावर थोडंच चालतं, दुकानात बहुतेक माल यंत्रमागाचा. शाल उलटी करून बघायला मागा. मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत असतील तर दुकानदाराला माग दाखवा म्हणा. खरा विणकर उठून आत घेऊन जातो, दुसरा चहा मागवतो.