२५० ग्रॅमच्या आतला ड्रोन सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावावर विनापरवाना उडवता येईल का?

पायलटचा परवाना लागत नाही, पण म्हणून कुठंही उडवा असं नाही. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला, आणि हौसेसाठी असेल तर २ किलोपर्यंतच्या मायक्रोलाही, परवान्यातून सूट आहे. खरी अडचण होटगी रोडच्या विमानतळाची. तिथून २०२५ पासून पुन्हा नियमित विमानं उडतात. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीत २०० फुटांपर्यंतच मोकळीक; त्याहून जवळ पिवळा किंवा लाल पट्टा, म्हणजे परवानगी हवीच. शहराचा बराच भाग यातच येतो. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा उघडून तलावावर बोट ठेवा, रंग दिसेल. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीवर तर नकोच, पोलिसांचा मनाई आदेश असला तर ड्रोन जप्त व्हायचा. नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, तिकडेही वनखात्याला विचारल्याशिवाय नको.