व्हॅन्कोमायसिन चालू असताना पेशंट लाल झाला, फाइलमध्ये काय लिहायचं?

तुझी पोस्ट वाचली आणि माझा जुना राग पुन्हा वर आला. नर्सिंगचं थर्ड इयर, मेडिसिन वॉर्डची पोस्टिंग, व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक शिरेतून चालू असताना आजोबांचा चेहरा आणि मान लाल, खाज. तू सलाइनचा क्लॅम्प बंद करून हाक मारलीस, डॉक्टरांनी एव्हिल (ॲलर्जीवरचं इंजेक्शन) द्यायला लावलं, उतरलं. मग इन्चार्ज म्हणाल्या, “रिॲक्शन लिहू नकोस, खाज आली एवढंच लिही, उगाच चौकशी लागते.” आणि आता आपलं चुकलं का, या विचाराने तुला झोप नाही.

तू हाक मारलीस ते अगदी बरोबर केलंस. फाइव्ह राइट्सवर (योग्य पेशंट, औषध, डोस, मार्ग, वेळ) मी बोलत बसत नाही, ते तुम्हाला पाठ असतं. आधीच सांगते, मी वॉर्डातली नर्स आहे, फार्माकॉलॉजिस्ट, म्हणजे औषधशास्त्राची तज्ज्ञ नाही. ऑर्डर डॉक्टरांची आणि प्रोटोकॉल तुमच्या हॉस्पिटलचा, तोच शेवटचा.

व्हॅन्कोमायसिन वेगात गेलं की शरीरात हिस्टामिन सुटतं आणि चेहरा, मान, छातीचा वरचा भाग लाल होतो. बहुतेक वेळा ही खरी ॲलर्जी नसते, वेगाचा परिणाम असतो. मिनिटाला 10 मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, म्हणजे 1 ग्रॅमला 100 मिनिटं. 1 ग्रॅम किमान 200 मिलिलिटरमध्ये विरघळवलेलं असेल आणि सलाइनचा सेट मिलिलिटरला 20 थेंबांचा असेल, तर मिनिटाला 40 थेंब. घड्याळ समोर धरून मोज. पेशंटने हात वाकवला किंवा नातेवाइकाने “लवकर संपू दे” म्हणून रेग्युलेटर फिरवला, तर नुसत्या नजरेला ते कळत नाही. मात्र बीपी पडलं, श्वास लागला, घरघर ऐकू आली, ओठ-जीभ सुजली, तर ‘वेगामुळे असेल’ म्हणत थांबायचं नाही. औषध बंद, डॉक्टरांना तातडीने बोलावणं आणि ॲड्रिनॅलिन हाताशी. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीत, मोठ्या माणसाला 1:1000 चं 0.5 मिलिलिटर मांडीच्या बाहेरच्या स्नायूत देतात. एव्हिल आणि हायड्रोकॉर्ट या स्टेरॉइडवर त्या वेळी विसंबून राहता येत नाही.

आता फाइलचं. नुसतं ‘खाज आली’ लिहून भागणार नाही, आणि लाल शाईत ‘व्हॅन्को ॲलर्जी’ लिहिणंही चूक. उद्या त्याच आजोबांना खरंच व्हॅन्कोमायसिन लागलं, तर तो शिक्का बघून कोणी देणार नाही. दिसलं ते लिही: किती वाजता सुरू केलं, किती द्रावणात, किती थेंबांनी, किती वाजता कुठे लाली दिसली, बीपी, पल्स, एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन), काय बंद केलं, कोणाला कळवलं, काय दिलं, किती वेळात उतरलं. त्यात कोणावर आरोप नाही आणि पुढच्या डॉक्टरला सगळं कळतं.

माझ्या बाबतीत पेशंट हडपसरकडचे एक हमाल होते. पाठदुखीसाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात ओठ सुजले, अंगभर गांधी, श्वास लागला. वेळेत उपचार झाले, बरे झाले. मी औषधाचा त्रास कळवायचा रिपोर्टिंग फॉर्म भरून हॉस्पिटलच्या ज्या कार्यालयात द्यायचा तिथे दिला. नाव घेत नाही. तिथे सांगितलं, डॉक्टरांची सही आणा. ती आणली तर विभागप्रमुखांची आणा. ती आणली तर “जेवणामुळे झालं नाही कशावरून? आधी सिद्ध करा.” आणि कमिटीची मीटिंग होईपर्यंत डिस्चार्ज कार्डावरचा ॲलर्जीचा रकाना बदलता येणार नाही म्हणे. त्यात छापून गेलं, ‘काही नाही’. मी पेशंटला तोंडी बजावलं होतं, पण त्यांच्या लक्षात राहिलं ते ‘पाठीचं इंजेक्शन’. काही महिन्यांनी पाय मुरगळला, घराजवळच्या दवाखान्यात गेले, विचारल्यावर तेच कार्ड दाखवलं. डॉक्टरांनी विश्वासाने गोळी दिली. पाकिटावर नाव दुसरं, आत डायक्लोफेनॅकच. व्हेंटिलेटरवर गेले. वाचले, पण बिलासाठी बायकोचे दागिने गहाण पडले. त्या टेबलामागच्या एकानेही नंतर साधी चौकशी केली नाही. अजून आठवलं की संताप होतो.

म्हणून ठासून सांगते, सिद्ध करणं हे रिपोर्ट करणाऱ्याचं काम नाही. 2010 साली सुरू झालेल्या भारताच्या फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमात, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या कार्यक्रमात, नुसता संशय पुरेसा असतो आणि नर्सही रिपोर्ट करू शकते. पेशंटची आद्याक्षरं आणि वय, काय झालं आणि कधी, संशयित औषध, कळवणाऱ्याची माहिती, एवढ्यावर फॉर्म घेतला जातो. बॅच नंबर असला तर उत्तम, म्हणून वायल, म्हणजे औषधाची बाटली, लगेच कचऱ्यात टाकू नका. रिपोर्ट करणं म्हणजे कोणाची चूक कबूल करणं नव्हे, हे फॉर्मवरच छापलेलं असतं. टोल-फ्री नंबर 1800-180-3024. पुण्यात बी. जे. मेडिकल कॉलेजमध्ये या कार्यक्रमाचं केंद्र आहे. तू विद्यार्थिनी आहेस, तेव्हा एकटी पुढे होऊ नकोस, क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना सोबत घे. इन्चार्जशी वाद घालायची गरज नाही. “मॅडम, वेळ आणि रेट लिहून ठेवते” म्हण, बहुतेक जणी नाही म्हणत नाहीत. म्हणाल्याच, तर इन्स्ट्रक्टर बोलतील.

आणि पेशंटच्या हातात एक चिठ्ठी हवी. त्यावर ब्रँडचं नाव पुरत नाही, मूळ औषधाचं नाव हवं, मराठीत आणि इंग्रजीत. काय त्रास झाला ते एका ओळीत. खाली डॉक्टरांची सही. पाकिटात, आधार कार्डासोबत ठेवायला सांगायचं, आणि घरातल्या एकाकडून मोठ्याने वाचून घ्यायचं. मी आता डिस्चार्जच्या वेळी हे झाल्याशिवाय पेशंटला सोडत नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

विषय निघालाच आहे तर इन्सुलिनचंही बघून ठेव, पोस्टिंगमध्ये हा घोळ हमखास दिसतो. आपल्याकडे मिलिलिटरला 40 युनिटची आणि 100 युनिटची, दोन्ही वायल मिळतात. लाल टोपीची सिरिंज 40 ला, केशरी टोपीची 100 ला. 100 च्या वायलमधून लाल टोपीच्या सिरिंजने 10 च्या खुणेपर्यंत ओढलं, तर पेशंटला 25 युनिट जातात. वायलवरचा आकडा आणि टोपीचा रंग दुसऱ्या सिस्टरला दाखवूनच दे.

आजोबांना पुढचा डोस लावला असेल तर किती थेंबांनी लावला आणि कसा गेला ते इथेच लिही. मी बघते.