टका, टक्का आणि देवघरातला टाक

प्रश्न असा आहे: बांगलादेशाच्या चलनाला, म्हणजे टक्याला, 'बांगलादेशी रुपया' म्हटलं तर चालेल का, आणि त्या टक्याचा आपल्या टक्क्याशी काही संबंध आहे का?

पहिलं अजिबात चालणार नाही. कांदा निर्यातीच्या बातम्यांत 'बांगलादेशी रुपये' ऐकून कान किटले आहेत. 4 मार्च 1972 पासून त्या देशाचं चलन टका आहे. त्याआधी तिथे पाकिस्तानी रुपया होता, पण बंगाली माणूस त्यालाही टकाच म्हणायचा. शब्द परकाही नाही. आपल्याच नोटेवरची भाषांची पट्टी वाचा: मराठीत 'रुपये', बंगालीत 'टाका', असमियात 'टका', ओडियात 'टंका'.

टक्काही त्याच घरचा. 'शेकडा पाच टके' म्हणजे शंभरामागे पाच नाणी. पुढे 'शेकडा' गळला आणि 'क' दुणावला. 'सोळा आणे खरं' आणि 'शंभर टके खरं' ही दोन्ही पैशाच्याच हिशोबातली. टक्केटोणपे मात्र यात ओढू नका. ते मार खाण्यातले.

आता खरी गंमत. संस्कृतात टंक म्हणजे चार मासे भरणारं वजन (मासा हे सोनाराचं जुनं माप) आणि नाणंही. तेराव्या शतकात तुर्क सुलतान अल्तमशाने दिल्लीत चांदीचा टंका पाडला. देवगिरीच्या यादवांचे सोन्याचे पद्मटंक होते. नाणी पडतात ती टंकशाळा, म्हणजे टाकसाळ. पण अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात 'टङ्कः पाषाणदारणः' असंही आहे: दगड फोडणारा तो टंक. ही आपल्या पाथरवटाची टाकी! टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात हे दोन टंक वेगवेगळे मांडले आहेत. मला ते साफ नामंजूर आहे.

कारण मधला दुवा मराठी देवघरात आहे: टाक. कोरलेल्या ठशावर चांदीचा पातळ पत्रा ठेवून ठोकतात आणि खंडोबाचा घोडा, भवानीचे हात पत्र्यावर उठून येतात. नाणं पाडायची रीत हीच. आधी धातूत ठसा कोरायचा, त्यावर चांदीची चकती ठेवायची, वरून घण घालायचा. टाकी कोरते, टाक आणि टका तिच्या कोरण्यातून उठतात. वजनातून नाण्याचं नाव निघालं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो: तोलायला ठसा कशाला लागतो? ठोकून पाडलेलं नाणं मात्र ठशावाचून होतच नाही.

कझाकस्तानच्या 'तेंगे' या चलनाकडे बोट दाखवून 'टंका तुर्कांनी आणला' असं सांगणारेही आहेत. अमरकोश दिल्लीच्या सुलतानांच्या कितीतरी शतकं आधीचा. त्यात टाकीच्या अर्थाचा टंक आहे; नाण्याचा टंक त्याच घरचा मानला, तर तो तुर्कांनी आणला कसा? माझ्या मते 'तेंगे'च इकडून तिकडे गेला.

आणि लिहिताना एक टका, दहा टके, टक्याचा भाव. 'टक्क्याचा भाव' लिहिलंत की ती टक्केवारी झाली.