स्क्रोल करताना पानाचा पार्श्वरंग कसा बदलायचा?

तुमच्या पानावर पुण्याच्या मानाच्या पाच गणपतींचे पाच भाग आहेत आणि कसब्यावरून तांबडी जोगेश्वरीकडे सरकताना मागचा रंग बदलायला हवा, असं तुम्ही विचारलंय. त्यासाठी स्क्रोल इव्हेंटमध्ये (पान सरकलं की ब्राउझर देतो ती सूचना) पिक्सेल मोजत बसू नका. तो इव्हेंट सतत सुटतो आणि साध्या मोबाइलवर पान अडखळतं.

इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर, म्हणजे एखादा भाग स्क्रीनवर आला की कळवणारी ब्राउझरची सोय, वापरा. प्रत्येक भागाला डेटा-अॅट्रिब्यूटमध्ये (टॅगवर स्वतःची माहिती ठेवायची जागा) त्याचा रंग द्या, पाचही भाग ऑब्झर्व्हरच्या नजरेखाली ठेवा आणि 'इज-इंटरसेक्टिंग' (भाग नजरेत आहे का, याचं उत्तर) खरं आलं की तो रंग बॉडीला, म्हणजे अख्ख्या पानाला, लावा. खरी मेख रूट-मार्जिनमध्ये, म्हणजे ऑब्झर्व्हर पाहतो त्या चौकटीच्या कडा आत-बाहेर सरकवणाऱ्या मापात, आहे. वर आणि खाली उणे 50 टक्के ठेवलंत, की स्क्रीनच्या बरोबर मध्यावर एक रेषाच उरते. जो भाग त्या रेषेवर येईल, त्याचाच रंग लागतो, मग भाग कितीही लांब असो. डाव्या-उजव्या बाजूच्या शून्यालाही पीएक्स (पिक्सेल) लिहा, नुसतं शून्य ब्राउझर नाकारू शकतो.

बॉडीला बॅकग्राउंड-कलरचं 0.6 सेकंदांचं ट्रान्झिशन (हळूहळू होणारा बदल) पुरतं. तरीही रंग बदलताना दिसला नाही, तर बहुतेक वेळा त्या भागालाच स्वतःचं पांढरं बॅकग्राउंड असतं. ते काढा.

जावास्क्रिप्टशिवाय, अॅनिमेशन स्क्रोलला बांधणाऱ्या नुसत्या सीएसएसच्या अॅनिमेशन-टाइमलाइननेही हे जमतं. क्रोममध्ये ती 2023 साली, 115व्या आवृत्तीत आली. पण सगळ्या ब्राउझरांवर भिस्त ठेवायची, तर मी आजही ऑब्झर्व्हरच घेईन.

आणि कृपा करून अक्षरांचा रंगही सोबत बदला. शेंदरी पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं वयस्कर वाचकांना वाचता येत नाहीत.