सहा वर्षांच्या मुलीला ‘विश्वास’, ‘जबाबदारी’ असे शब्द कसे शिकवावेत? फ्लॅशकार्डांचा उपयोग होतो का?

फ्लॅशकार्ड घेऊ नका. ‘बैल’, ‘आंबा’, ‘पातेलं’ यांची घ्यायची तर घ्या, पण ती नावं तुमच्या मुलीला पटापट येतात असं तुम्हीच लिहिलंय. अडतात ते ‘विश्वास’, ‘जबाबदारी’, आणि त्यासाठी दुकानदाराने तुम्हाला मूल्यशिक्षणाचा संच दाखवलाय. त्यात काय असणार ते मी न बघता सांगते. हातात हात दिलेल्या दोन माणसांचं चित्र आणि खाली ‘विश्वास’.

मी माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. आमचे त्या वेळचे केंद्रप्रमुख (नाव घेत नाही) ‘शब्द तिथे चित्र’वाले. दर शिक्षण परिषदेत अॅलन पाईव्हिओ या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाचा दाखला द्यायचे. पाईव्हिओंनी १९७१च्या पुस्तकात मांडलं ते असं: मूर्त शब्द मनात दोन वाटांनी बसतो, भाषेच्या आणि प्रतिमेच्या, अमूर्त शब्दाला बहुतेक भाषेचीच वाट असते, म्हणून ‘बैल’ चटकन आठवतो आणि ‘न्याय’ आठवत नाही. इथवर माझं काही म्हणणं नाही. साहेबांनी त्यावरून काढलं की प्रतिमा नाही ना, मग आपण चिकटवू.

झालं. तिसरीच्या वर्गासाठी कार्डशीट आणा, कापा, रंगवा, लॅमिनेशन करा, सगळं पदरच्या पैशांनी. ‘न्याय’ला तराजू काढला. भेटीच्या दिवशी साहेबांनी ते कार्ड उचललं, खालचा शब्द अंगठ्याने झाकला आणि पुढच्या रांगेतल्या पोराला विचारलं, “हे कशाचं चित्र?” पोरगा आठवडी बाजारात बापाशेजारी कांदे घेऊन बसणारा. ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, “सर, ह्यात काटा मारत्यात.”

वर्ग हसला, मीही हसले. साहेब हसले नाहीत. शेरेबुकात ‘संबोध दृढ नाहीत’ असं लिहिलं.

मधल्या सुट्टीत तेच पोरगं पटांगणात लंगडीवरून भांडत होतं. साहेब व्हरांड्यात चहा घेत होते, त्यांनाही ऐकू जात होतं. “रेघेवर पाय पडला तुझा, बाद! मागच्या डावाला मला बाद धरलं तवा हीच रेघ व्हती का नव्हती? मग आता का नाय? रडीचा डाव खेळू नगंस!” मग त्याने दोघांना साक्षीला बोलावलं. मी म्हटलं, साहेब, हे ऐका. नियम आहे, आधीचा निवाडा आहे, साक्षीदार आहेत, सगळ्यांना एकच मोजमाप हवं म्हणून हट्ट आहे. अजून काय दृढ व्हायचं राहिलं? ते म्हणाले, “बाई, तो खेळ आहे.”

त्या ‘तो खेळ आहे’ला उत्तर द्यायचं म्हणून मी पुढे बरंच वाचलं. लायला ग्लाइटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अमेरिकेतला १९९९चा प्रयोग मला त्या दिवशी माहीत हवा होता. आया आपल्या लहान मुलांशी बोलताहेत अशा चित्रफिती आवाज बंद करून मोठ्या माणसांना दाखवल्या. ठरावीक शब्दाच्या जागी फक्त ‘बीप’, तो शब्द ओळखायचा. नामं साधारण ४५ टक्के ओळखता आली, क्रियापदं १५ टक्क्यांच्या आसपास, आणि ‘विचार करणे’सारखी मनातली क्रियापदं कुणालाच नाहीत. शब्द कुठल्या वाक्यरचनेत आला ते सांगितल्यावर मात्र क्रियापदं बरीच ओळखू यायला लागली. ज्यांना तो शब्द आयुष्यभर येतोय, त्यांनाही नुसतं बघून तो सापडत नाही. मग सहा वर्षांच्या पोरीला हस्तांदोलनाच्या चित्रात ‘विश्वास’ कसा दिसावा?

मेंदूत हे शब्द वेगळे साठतात का, असंही विचारलंय तुम्ही. वेगळे खण आहेत असं सरळ नाही. मेंदूला इजा झाल्यावर बहुतेकदा मूर्त शब्द तगतात. पण लंडनमध्ये एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी १९७५ साली असा रुग्ण नोंदवला की त्याला ‘विनवणी’चा अर्थ नीट सांगता यायचा आणि ‘वाळलेलं गवत’ म्हणजे काय ते तो विसरला होता. म्हणजे अमूर्त शब्द हे मूर्ताच्या वरच्या मजल्यावरचे नव्हेत, त्यांना स्वतःचा आधार असतो. गॅब्रिएला विग्लिओको आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मते त्यातला मोठा भाग भावनेचा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना भावनेचा रंग असलेले, त्यातही चांगल्या भावनेचे, अमूर्त शब्द आधी येतात असं त्यांना दिसलं. माझ्या वर्गात मुलांना ‘अन्याय’ सगळ्यात आधी यायचा, ते असो.

तेव्हा शब्द प्रसंगात वापरा, अख्ख्या वाक्यात. “तुळशीला पाणी घालायची जबाबदारी तुझी,” म्हणा आणि ती विसरली तर गुपचूप स्वतः घालू नका. कोमेजू दे. पन्नासची नोट देऊन दुकानात पाठवा, “तुझ्यावर विश्वास आहे म्हणून पाठवतेय,” असं म्हणून. व्याख्या विचारू नका. ‘विश्वास’ची व्याख्या तुम्हाला तरी धड सांगता येईल का?

हां, सगळे अमूर्त शब्द असे येत नाहीत. ‘सरासरी’, ‘शक्यता’ यांना भावनेचा रंग नाही; ते पुढे वाचनातून आणि गणितातून येतील, आत्ता त्यांच्या मागे लागू नका. आणि मूल उशिरा बोलत असेल किंवा ऐकायला कमी येत असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा, आधी कान तपासून घ्या आणि स्पीच थेरपिस्टला भेटा. तिथे चित्रं लागतात, आणि ती कशी वापरायची ते त्यांना कळतं.

बैलाच्या चित्राला माझी हरकत नाही, हे मी साहेबांनाही तेव्हाच सांगितलं होतं. त्यांनी पुढच्या परिषदेत, माझं नाव न घेता, ‘काही शिक्षकांना साहित्य बनवायचा कंटाळा असतो’ असं सुनावलं. कंटाळ्याचं कार्ड काही त्यांनी दाखवलं नाही, तरी सगळ्यांना बरोबर कळलं.